सोसायटीच्या स्क्रीनवरच्या सहायकाला चेहरा द्यावा का, आणि दिला तर कसला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकच्या सीमाभागातल्या निपाणी-चिकोडीकडची एक सौहार्द सहकारी सोसायटी आपल्या मोबाइल ॲपमध्ये आणि शाखांमधल्या टच स्क्रीनवर मराठी व कन्नड बोलणारा सहायक बसवते आहे. पुरवठादाराने तीन नमुने दाखवलेत. एक हुबेहूब खऱ्या तरुणीसारखा, साडी नेसलेला, ओठ हलवून बोलणारा. दुसरा म्हणजे रेषांनी काढलेलं साधं चित्र. तिसऱ्याला चेहराच नाही, नुसता आवाज आणि अक्षरं. संचालक मंडळाला पहिला आवडला आहे. सभासदांवर कशाचा काय परिणाम होईल आणि यातला कुठला घ्यावा, असं विचारलंय.

दुसरा घ्या. जिथे थकबाकी, सोनेतारण किंवा पैशाचा आकडा येतो त्या पानांवर तिसरा ठेवा. पहिला घेऊ नका. मंडळापुढे कारणं मांडावी लागतील, म्हणून ती सविस्तर देतो.

यंत्राशी माणसासारखं वागायला माणसाला फार थोडं निमित्त पुरतं. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा प्रोग्राम मांडला. त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता. टाइप केलेलं वाक्य उलटवून तो प्रश्न विचारायचा, एवढंच. तरी लोक त्याच्याजवळ मन मोकळं करू लागले. पुढे नव्वदच्या दशकात स्टॅनफर्डचे क्लिफर्ड नॅस आणि बायरन रीव्ह्ज यांनी प्रयोग करून दाखवलं की लोक कॉम्प्युटरशी सभ्यतेने वागतात, त्याने केलेल्या स्तुतीने खूश होतात, आणि हे यंत्र आहे हे पक्कं ठाऊक असूनही तसं वागतात. म्हणजे आपलेपणा आणण्यासाठी हुबेहूब चेहरा लागत नाही. दोन डोळे आणि एक 'नमस्कार' पुरतो. हुबेहूब चेहऱ्याने वाढते ती अपेक्षा.

खऱ्यासारखा चेहरा दिसला की समोरचा बरंच काही गृहीत धरतो. हिला माझी बोली कळतेय, मघाशी सांगितलेलं हिच्या लक्षात आहे, आणि अडलंच तर ही आत जाऊन मॅनेजरसाहेबांना विचारून येईल. यातलं यंत्राला किती जमतं? तुमच्या शाखेत माणूस विचारणार, "कर्जाचं किती ऱ्हायलंय तेवढं बघा की, परवा बड्डी भरलोय ती जमा झाली काय." एका वाक्यात दोन प्रश्न, सीमाभागातली बोली, मध्येच कन्नड शब्द ('बड्डी' म्हणजे व्याज). आवाज ओळखणारी सॉफ्टवेअरं बहुतेक प्रमाण मराठी आणि प्रमाण कन्नडवर, तीही वेगवेगळी, तयार झालेली असतात. अशा मिश्र वाक्यात ती अडखळतात. चेहरा नसला तर माणूस आपणहून वाक्य तोडतो, "कर्ज बाकी" एवढंच म्हणतो किंवा सरळ बटण दाबतो. समोर बाई दिसत असली तर तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो, जास्त मोठ्याने आणि ताणून. कारण त्याच्या मते तिला ऐकू गेलेलं नाही. ताणून बोललेलं यंत्राला आणखीच कमी कळतं. मग तिसऱ्या वेळेला हसऱ्या चेहऱ्याने "क्षमस्व, मला समजलं नाही" आलं की तो माणूस काउंटरकडे जातो आणि परत त्या स्क्रीनसमोर येत नाही. म्हणून चेहरा ठरवण्याआधी पुरवठादाराकडून यंत्राची कुवत मोजून घ्या, आणि चेहऱ्याला तेवढाच माणूसपणा द्या.

हुबेहूबपणाची दुसरी अडचण जुनी आणि सुपरिचित आहे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडलं होतं की यंत्र माणसासारखं दिसू लागतं तसतशी त्याच्याबद्दलची आपुलकी वाढत जाते, पण अगदी माणसाजवळ पोहोचता पोहोचता ती एकदम कोसळते आणि तिच्या जागी शिसारी येते. हालचाल असेल तर हा परिणाम आणखी तीव्र होतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. म्हणून पुरवठादाराच्या माहितीपत्रकातला स्थिर फोटो बघून निर्णय घेणं धोक्याचं आहे. फोटोत जो चेहरा छान वाटतो तोच बोलायला लागल्यावर खटकतो. चेहरा माणसाचा आणि आवाज यंत्राचा, किंवा उलट, असा बेमेळही तितकाच खटकतो. दोन्ही एकाच पातळीवर हवेत.

मंडळात कुणीतरी म्हणेल की टीव्हीवर एआयचे निवेदक दिसतात, ते चालतातच की. दूरदर्शन किसानवर मे २०२४ मध्ये 'एआय कृष' आणि 'एआय भूमी' आले, हे खरं. पण निवेदक एकतर्फी बोलतो. त्याचा मजकूर आधी तयार असतो, चित्रण तपासून मग दाखवता येतं, आणि त्याला कुणाचं ऐकायचं नसतं. तुमच्या सहायकाला ऐकायचं आहे, तेही ताबडतोब. ऐकणाऱ्या चेहऱ्याच्या चुका वेगळ्या असतात, आणि पुरवठादार नेमक्या त्याच दाखवत नाहीत.

ओठांचंच घ्या, कारण सर्वांत जास्त बिघाड तिथे होतो. आपण कानाने ऐकतो तसं डोळ्यानेही ऐकतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवलं की आवाज 'बा'चा आणि ओठ 'गा'चे असतील तर बहुतेकांना 'दा' ऐकू येतं. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटायलाच हवेत. न मिटलेला ओठ डोळा लगेच पकडतो. आता तुमच्या व्यवहारातले शब्द बघा: पासबुक, बाकी, भरणा, मुदत ठेव, पावती, रक्कम, कन्नडमध्ये बड्डी. ओठ मिटण्याची अक्षरं नेमकी यांतच भरलेली आहेत. इंग्रजी उच्चारांवर बेतलेली ओठांची यंत्रणा मराठी-कन्नडला लावली की 'बाकी' म्हणताना तोंड अर्धं उघडं राहतं आणि ऐकणाऱ्याला काय चुकतंय ते न कळताच अस्वस्थ वाटतं. पुरवठादाराला हे वाक्य बोलून दाखवायला सांगा: "मुदत ठेवीची पावती मिळाली, बाकी रक्कम पासबुकात भरली." मोबाइलवर चित्रण करा, चौथाई वेगाने बघा, आणि प्रत्येक म-ब-प-भ ला ओठ मिटतात का ते मोजा. आवाज आणि चित्र यांच्या वेळेचंही माप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर ते लोकांच्या लक्षात यायला लागतं. मागे पडलेल्या आवाजाला मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत सूट मिळते. म्हणून जुळवताना आवाज किंचित मागे राहिला तर चालेल, पुढे जाता कामा नये.

साध्या चित्राला हा त्रास बराच कमी. तोंडाचे सहा आकार पुरतात: मिटलेलं, अर्धं उघडं, 'आ', 'इ-ए', 'उ-ओ', आणि 'व'साठी खालच्या ओठाला दात टेकलेलं. चित्राकडून कुणी जास्त अचूकतेची अपेक्षा धरत नाही, पण मिटलेला आकार योग्य जागी हवाच. पुरवठादाराला तेवढंही जमत नसेल तर तोंड हलवूच नका. बोलताना चित्राभोवती एक कडं उजळू द्या.

मग उशीर. माणसांच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि वेगवेगळ्या भाषांत हे अंतर फारसं बदलत नाही. आवाज ओळखायचा, खातं उघडायचं, उत्तर बनवायचं, परत आवाजात आणायचं, यात यंत्राला दोन-तीन सेकंद सहज लागतात. हुबेहूब चेहरा तेवढा वेळ टक लावून बघत राहिला की भीतिदायक वाटतो. चित्राने अर्ध्या सेकंदात मान हलवावी, नजर खाली कागदाकडे न्यावी आणि बाजूला "बघतोय, थांबा" अशी ओळ यावी. तीन सेकंदांच्या पुढे जात असेल तर आवाजातही सांगावं. उगाच इकडेतिकडे बघणं, मिनिटाला चाळीस वेळा पापण्या मिटणं, सतत डुलणं हे काढून टाका. निवांत बसलेला माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, आणि त्याही ठरावीक अंतराने नाही. नजरेचा एक उपयोग मात्र जरूर करून घ्या. बटण दाबायची वेळ आली की चित्राने त्या बटणाकडे बघावं. वाचता न येणाऱ्या माणसाला 'खाली उजवीकडे' या शब्दांपेक्षा ती नजर लवकर कळते.

हसू कुठे नको हे आधी ठरवा. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९७ मध्ये कागदाच्या क्लिपला डोळे लावून मदतनीस बनवलं. लोक त्याच्यावर इतके वैतागले की २००१ च्या आवृत्तीत तो मुळातच बंद ठेवून दिला गेला आणि २००७ च्या आवृत्तीतून निघून गेला. राग निव्वळ चेहऱ्याचा नव्हता. न बोलावता मध्ये येणं आणि कामात अडचण असतानाही तोच आनंदी भाव, याचा होता. तुमच्याकडे हप्ता थकलेल्या सभासदाला हसऱ्या तोंडाने "आपले तीन हप्ते थकले आहेत" असं ऐकवलं तर ते टोमण्यासारखंच लागणार. तीन भाव बनवून घ्या: स्वागताचा, ऐकण्याचा आणि गंभीर. नकार, तांत्रिक बिघाड, 'समजलं नाही' या तिन्ही ठिकाणी गंभीर; थकबाकीच्या पानावर तर चेहराच नको. मान थोडी झुकवली तरी चालेल, दुःखी चेहरा करू नका.

आता चेहरा पूर्ण काढायचा तो कुठे आणि का. १९९६ मध्ये ली स्प्राउल आणि सहकाऱ्यांनी एकच मुलाखत काही लोकांकडून अक्षरांत आणि काहींकडून बोलत्या चेहऱ्यासमोर घेतली. चेहऱ्यासमोर लोक सावध झाले आणि स्वतःला आहे त्यापेक्षा चांगलं दाखवू लागले. २०१४ मध्ये गेल लुकास, जोनाथन ग्रॅच आणि सहकाऱ्यांना दिसलं की पडद्यावरच्या आकृतीमागे माणूस नाही, यंत्रच आहे, असं ज्यांना सांगितलं होतं ते जास्त मोकळेपणाने बोलले. दोन्ही एकत्र वाचलं तर मुद्दा कळतो. कुणीतरी बघतंय ही जाणीव माणसाला आवरतं घ्यायला लावते. सोनेतारणाची चौकशी करणारी बाई घरात कुणाला न सांगता आलेली असते. गंठण किती ग्रॅमचं, किती दिवसांत सोडवायचं, उशीर झाला तर लिलाव कधी, हे तिला लाजत विचारायचं असतं. तिथे डोळे नकोत. अक्षरं मोठी, आवाज हवा तरच आणि इअरफोनवर, आणि वर एक ओळ: "हे यंत्र आहे. इथे विचारलेलं काउंटरवर दिसत नाही." ही ओळ खरी असेल तरच लिहा.

एकंदरच, सुरुवातीच्या पहिल्या वाक्यात "मी सोसायटीचा संगणकीय सहायक आहे" हे दोन्ही भाषांत सांगायचं. हुबेहूब चेहरा टाळण्याचं आणखी एक कारण इथे येतं. लोकांना तो खरा कर्मचारी वाटला की तो सांगेल ते खरं मानतात, आणि उद्या कुणी भामट्याने तसाच चेहरा बनवून व्हिडिओ कॉल केला तर ओळखीच्या बाईला ओटीपी सांगावा तसा सांगून मोकळे होतात. रेखाचित्र व्हिडिओ कॉल करत नाही, हे सभासदांना एका वाक्यात समजावता येतं. फसवणूक झाल्यास १९३० वर कळवा, ही ओळही त्याच पानावर असू द्या.

कपड्यांवर मंडळात सर्वांत जास्त चर्चा होईल, म्हणून स्पष्ट बोलतो. माणसाला आपल्यासारखा दिसणारा सहायक जास्त विश्वासाचा वाटतो, हे नॅस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. पण तुमची शाखा एका प्रकारच्या लोकांची नाही. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे, मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान सगळे एकाच रांगेत उभे असतात. नऊवारी आणि नथ दिली की एकाला आपली वाटते आणि दुसऱ्याला परकी. टिकली, विभूती, मंगळसूत्र, फेटा, डोक्यावरचा पदर यातलं प्रत्येक चिन्ह कुणाला तरी आत घेतं आणि कुणाला तरी बाहेर ठेवतं. रंगांचंही तेच. पिवळा-तांबडा, म्हणजे कन्नड झेंड्याचे रंग, जोडीने आला किंवा भगवा एकटा आला तर सीमाभागात लोक त्यातून काय वाचतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. गडद निळा किंवा राखाडी अंगरखा, खिशावर सोसायटीचं चिन्ह, एवढंच द्या.

इरकली साडीच्या मोहात पडू नका, याचं तर तांत्रिक कारण आहे. चेहरा निपाणीचा दिसला की लोक निपाणीचं बोलतात. आणि सहायकाचा तयार मराठी आवाज बहुधा पुण्याकडच्या प्रमाण भाषेचा असतो, कन्नड आवाज बंगळूरच्या वळणाचा, ज्यात इकडचं 'हेळ्री' (सांगा), 'बर्री' (या) यांतलं आदराचं 'री' सहसा नसतं. रूप आणि आवाज यांची फारकत झाली की लोकांना तो वेष घेतलेला वाटतो. आधी आवाज स्थानिक करा. तो झाला तरच रूप स्थानिक करायचा विचार करा.

बाई की पुरुष? सिरी आणि अलेक्सा यांचे मूळ आवाज बहुतेक ठिकाणी स्त्रीचेच ठेवले गेले. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालाने त्यावर नेमकं बोट ठेवलं की त्यातून 'हुकूम ऐकणारी बाई' हाच समज पक्का होतो. २०२१ मध्ये ॲपलने इंग्रजी सिरीचा स्त्री आवाज आपोआप लावणं थांबवून निवड वापरणाऱ्यावर सोडली. याच्याही आधी, १९९७ च्या प्रयोगात नॅस आणि सहकाऱ्यांना आढळलं होतं की तोच मजकूर पुरुषी आवाजात आला तर त्यातलं मूल्यमापन लोक जास्त मनावर घेतात. म्हणजे तरुणीचा चेहरा दिला तर दोन गोष्टी होतील: वयस्कर सभासद तिला "पोरी" म्हणत अरेतुरे करतील, आणि तिने सांगितलेली व्याजाची रक्कम खरी आहे का ते काउंटरवरच्या साहेबांकडून पडताळून घेतील. मग स्क्रीन बसवून उपयोग काय? वय आणि लिंग चटकन न ओळखता येणारं रेखाचित्र हा पळवाटीचा मार्ग वाटेल, पण व्यवहारात तो चांगला चालतो. आवाज दोन ठेवा, सभासदाला निवडू द्या. सहायकाने सगळ्यांना 'तुम्ही' आणि 'नीवु' म्हणावं. काका, मावशी, अक्का असली नाती यंत्राने लावू नयेत.

भाषा बदलली म्हणून चेहरा बदलू नका. मराठीला एक बाई आणि कन्नडला दुसरी दिली की त्यातली कोण जास्त तरतरीत, कोण आधी दिसते, यावरून कुरबुर सुरू होते. एकच चित्र, दोन्ही भाषा. पहिल्या पडद्यावर दोन्ही बटणं एकाच ओळीत, सारख्या आकाराची. बोलता बोलता भाषा बदलली तरी सहायकाने तक्रार न करता बदलावं.

मोबाइलचा हिशेब सोपा आहे. सर्व्हरवरून येणारा बोलता चेहरा १ मेगाबिट प्रतिसेकंद धरला तर एका मिनिटाला साडेसात एमबी लागतात. नुसता आवाज २४ किलोबिटने पाठवला तर मिनिटाला १८० केबी. सोसायटीच्या शाखा उद्या खानापूरकडे जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात गेल्या, जिथे रेंज कुठे असते कुठे नसते, तर चेहरा अडकून तोंड उघडं राहिलेलं दिसेल. रेखाचित्राचे सगळे आकार ॲपमध्येच साठवा, दीडशे केबीत बसतात.

शाखेतल्या स्क्रीनसाठी मापं. चित्राचे डोळे जमिनीपासून १४० ते १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण पाच फूट उंचीच्या बाईच्या नजरेसमोर. दाबायची बटणं ९० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, किमान दोन सेंटिमीटर उंचीची. चेहरा १० ते १२ सेंटिमीटर. खऱ्या डोक्याएवढा केला तर दोन फुटांवरून तो अंगावर आल्यासारखा वाटतो आणि लोक मागे सरकतात, मग माइकपासूनही लांब जातात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान साडेचारास एक. दाराकडे तोंड करून स्क्रीन लावू नका, उन्हाच्या चकाकीत चेहरा दिसत नाही आणि नुसते दोन डोळे दिसतात. कॅमेरा नको असेल तर झाकून नका ठेवू, काढूनच टाका. डोळे असलेल्या स्क्रीनवर झाकलेला कॅमेरा दिसला की "फोटो काढतंय काय?" हा संशय जात नाही.

चाचणी करारावर सही करायच्या आधी घ्या. पंधरा ते वीस सभासद, निम्मे साठीच्या पुढचे, निम्म्या बायका, दोन्ही भाषांचे. आठवडी बाजाराचा दिवस निवडा, म्हणजे खेड्यातले लोक आणि खरा गोंगाट दोन्ही मिळतील. अर्ध्यांना आधी हुबेहूब आणि मग रेखाचित्र, अर्ध्यांना उलट. पहिल्यांदा पाहिलेलं नेहमीच वेगळं वाटतं, म्हणून ही अदलाबदल आवश्यक. तीन कामं द्या: शिल्लक बघणं, ठेवीची मुदत कधी संपते ते विचारणं, हरवलेल्या पासबुकाची तक्रार. 'आवडलं का' विचारून काही कळत नाही, समोर पदाधिकारी उभे असले की सगळे "झकास" म्हणतात. वाक्य किती वेळा परत म्हटलं, किती जण काम अर्धवट सोडून काउंटरला गेले, आणि मिळालेलं उत्तर काउंटरवर परत विचारलं का, हे तीन आकडे लिहून घ्या. चौथा प्रश्न शेवटी: "पलीकडे माणूस होता की यंत्र?" हुबेहूब नमुन्याला दोन-तीन जणांनी जरी माणूस म्हटलं, तरी मंडळापुढे तो नाकारायला तेवढं पुरे आहे.

सुरू केल्यावर 'चित्र लपवा' हे बटण कायम दिसतं ठेवा आणि कुठल्या पानावर ते दाबलं जातं याची महिन्याला मोजणी करा. ज्या पानावर पाचातला एक माणूस ते दाबतो, त्या पानावरून चित्र सरसकट काढून टाका.